पान चार : आमचे सहकारी

अहवालाचं पान चार माझ्याकडे आलंय.
प्रत्येकी दोन ओळी, म्हणाल्या विश्वस्तबाई,
शिक्षण, आधीची नोकरी, फोटो हसरा.
शरणपूर रोडला झेरॉक्सच्या दुकानावर आमची संस्था.
खालून दिवसभर गरम कागदाचा वास येतो
आणि जिन्यात कोणी ना कोणी पोर
फाइल छातीशी धरून उभं.

बोरस्तेकाकांपासून सुरुवात केली.
एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
नोटांचे ताव तपासले,
पगाराच्या नोटा मात्र, सांगतात, कधी निरखून पाहिल्या नाहीत.
आता उत्पन्नाचे दाखले खिडकीच्या उजेडात धरतात.
परवा सुरगाण्याच्या एका दाखल्यावर थबकले,
अंगठ्यानं चाचपून म्हणाले, शिक्का खोटा आहे.
मग बऱ्याच वेळानं, चष्मा पुसत,
पण आकडा खरा असावा.
इतका कमी आकडा
खोटं बोलणाऱ्याला सुचत नाही.

हे दोन ओळींत बसेना.
'गुणवत्ता तपासणी' असं लिहिलं.

रणनवरे सिस्टरांना अजून सिस्टरच म्हणतो आम्ही.
सिव्हिलमधल्या रात्रपाळ्या, त्यातली चौदा वर्षं जळीत वॉर्ड.
परीक्षेच्या आदल्या रात्री पुण्याहून, पवईहून
पोरांचे फोन त्यांनाच येतात.
त्या विचारतात, जेवलास?
मग विचारतात, काय जेवलास?
दुसऱ्या प्रश्नाला पोरं रडतात.

रऊफ कोकणी पिंपळगावच्या बाजारात कांद्याची बोली पुकारायचा.
जन्मभर भाव चढवला, म्हणतो,
आता कॉलेजच्या क्लार्कशी फोनवर भांडून
होस्टेलची फी उतरवतोय.
फोन ठेवला की दाढेखाली लवंग.
फोटोसाठी हसला नाही. दात पडलाय म्हणाला.

तेजल भोये. वय चोवीस. आधीची नोकरी?
लिहा ना, लाभार्थी.
असं लिहीत नाहीत, मी म्हटलं.
मग लिहा, फॉर्म भरण्याचा सात वर्षांचा अनुभव.
आम्ही दोघं हसलो.
ती आधी थांबली.

राहिला माझा रकाना.
सहकारी बँक, वसुली विभाग, नऊ वर्षं.
काम सोपं होतं : बसायचं.
पोराच्या शिक्षणाचं कर्ज थकलं की घरी जायचं,
चपला रस्त्यावरून दिसतील अशा काढायच्या,
चहाला नाही म्हणायचं नाही,
उठायचं नाही
शेजारीण तिसऱ्यांदा डोकावेपर्यंत.
पुढे बँकच बुडाली.
बसणं तेवढं अंगात राहिलं.

म्हणून गृहभेटी माझ्याकडे.
तीच प्लास्टिकची खुर्ची, पुढ्यात तेच स्टूल,
कमावते किती, घर कोणाचं, फ्रिज कधी घेतला.
गेल्या महिन्यात सातपूरला, कामगार वसाहतीत,
एका बाईनं कप पुढे केला
आणि दारातल्या माझ्या चपलांकडे बघत म्हणाली,
तुम्ही येऊन गेलाय आधी. थोरलीच्या वेळी.
मी हो म्हटलं.
तिनं पिशवीतून धाकटीची गुणपत्रिका काढली,
घडी पडू नये म्हणून पुठ्ठ्यावर ठेवलेली.
चहात साखर दुप्पट होती.
तेव्हाही असेल. आठवत नाही.

भावंडांचं शिक्षण, असा एक रकाना आहे आमच्या फॉर्ममध्ये.
तिनं तोंड उघडायच्या आत
मी पान उलटलं.

धाकटीचं नाव यादीत आहे. पहिल्या दहात.
तिच्या गुणांवर आहे, माझ्यामुळे नाही,
हे मी बोरस्तेकाकांना न विचारता सांगितलं.
त्यांनी कागद उजेडात धरावा तसं
माझ्याकडे पाहिलं.

विश्वस्तबाईंचा पुन्हा फोन : तुमच्याच दोन ओळी राहिल्यात.
खाली मशीन कोणाचं तरी आधार कार्ड
एकदा सुलटं, एकदा उलटं उजळतंय.
मी लिहितो : क्षेत्रभेटींचा प्रदीर्घ अनुभव.
बाकीचे सगळे उभे आहेत फोटोत.
मी बसलेलो आहे.